फोन उचलला कोणी?

सेवाग्राम आश्रमात बापूंच्या कार्यालयात एक टेलिफोन जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो तिथं बसवला होता. गांधीजी 1936 साली इथं राहायला आले तेव्हा हे आडबाजूचं खेडं होतं, नाव शेगाव. त्यामुळे आश्रमाची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊन पडायची. 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं, त्यामागं टपालाचा हा घोटाळा होता. ज्या गावाला पत्र धड पोचत नव्हतं तिथं थेट व्हाइसरॉयची लाइन आली.

त्याच आवारात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे मोठे पंडित. कुष्ठरोग झाला आणि माणसं दुरावली. 1939 च्या सुमारास ते आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. त्याआधीच, 1936 मध्ये, मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांचं काम उभं केलं होतं. ज्याला गाव जवळ येऊ देत नाही अशा रुग्णाची सेवा कशी करायची, याचा वर्धा जिल्ह्याचा अनुभव असा फार जुना आहे.

एचआयव्हीच्या रुग्णांपर्यंत फोनने, मोबाइलने, संगणकाने कसं पोचायचं हा प्रश्न इथं मांडताना हा फोन आणि ही कुटी दोन्ही डोळ्यांपुढे ठेवावी लागतात. 'दूरचा रुग्ण' म्हटलं की आपण किलोमीटर मोजतो. आर्वी वर्ध्यापासून पन्नासेक किलोमीटर, कारंजा आणि आष्टी त्याहून लांब, समुद्रपूर तालुक्यातली गावं नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या अंगाला. पण एचआयव्हीचा रुग्ण आणखी एका अर्थानं दूर असतो. तो मुद्दाम दूर जातो.

ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांना रुग्णांचं वागणं कोड्यात टाकतं. घराजवळ औषध मिळत असताना माणूस ऐंशी किलोमीटरवरच्या नागपूरला का जातो? वर्ध्याचा रुग्ण अमरावतीला आणि यवतमाळचा वर्ध्याला, असं का होतं? कारण तालुक्याच्या दवाखान्यात चिठ्ठी काढणारा बहुधा ओळखीचा असतो. बाकावर शेजारी बसलेली बाई मावशीच्या गावची निघते. "काहून आली बाप्पा इथं?" एवढा एक प्रश्न पुरतो. लांबच्या केंद्रात दिवस मोडतो, मजुरी बुडते, भाड्याला पैसे लागतात. पण तिथं आपल्याला कोणी ओळखत नाही. हे अंतर रुग्णाला महागात पडतं आणि तेच त्याला झाकूनही ठेवतं. तंत्रज्ञानाने अंतर मिटवू म्हणणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यायला हवं. अंतराचा खर्च कमी करायचा आहे, आडोसा काढून घ्यायचा नाही.

एसटीचंच उदाहरण घ्या. महामंडळाच्या सवलतींच्या यादीत एचआयव्ही असलेल्यांना साध्या गाडीतून मोफत प्रवासाची सोय आहे. चांगली सोय आहे. पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरपुढे कार्ड धरायचं. आर्वी-वर्धा गाडीत रोज तेच कंडक्टर, तेच प्रवासी. तिकिटाचे पैसे खिशात नसले तरच माणूस ते कार्ड बाहेर काढण्याचा विचार करील. 2023 च्या मार्चपासून सगळ्याच महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं. सवलत सगळ्यांना असली की ती घेणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. फोनवरच्या आरोग्यसेवेचा आराखडा काढणाऱ्यांनी या दोन सवलती शेजारी ठेवून पाहाव्यात.

*

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली चेन्नईत झाली, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून. सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू व्हायला मात्र 1 एप्रिल 2004 उजाडावा लागला. देशात पहिली आठ केंद्रं निघाली, त्यांत महाराष्ट्रातलं जे. जे. रुग्णालयाचं. विदर्भातल्या माणसानं मुंबई गाठायची, असा तो काळ. पुढं ही औषधं देणारी एआरटी (अँटिरेट्रोव्हायरल उपचार) केंद्रं नागपूरला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत आली. त्यानंतर लिंक एआरटी केंद्रं निघाली. मोठ्या केंद्रात उपचार बसवून घ्यायचे आणि दर महिन्याच्या गोळ्या जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातून न्यायच्या, अशी त्यांची रीत.

तेव्हाच्या गोळ्या सोप्या नव्हत्या. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरॅपिन. दिवसातून दोनदा, बारा बारा तासांच्या अंतरानं. शंभरातल्या पंचाण्णव गोळ्या वेळेवर गेल्याच पाहिजेत, असं समुपदेशक पुनःपुन्हा बजावत. खाडा झाला की विषाणू औषधाला सरावतो आणि मग तेच औषध कुचकामी होतं. त्या काळात मोबाइल एचआयव्हीच्या उपचारात पहिल्यांदा शिरला तो गजर म्हणून. सकाळी आठ, रात्री आठ. आणि त्या गजरानेच घरात प्रश्न उभे केले. रोज आठला काय वाजतं? सासूला काय सांगायचं? कोणी बीपीची गोळी म्हणे, कोणी शक्तीची. पुष्कळांनी गजर बंद करून टाकला आणि दूरदर्शनवरच्या बातम्यांवर किंवा देवापुढच्या दिव्यावर वेळ बांधली. ही युक्ती कुठल्या प्रशिक्षणात कोणी शिकवलेली नव्हती.

आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. दिवसाला एक गोळी. 2017 पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की सीडी फोर (रक्तातल्या प्रतिकारपेशी) कितीही असो, औषध सुरू करण्याचं धोरण आहे. गोळी नेमानं घेतली आणि व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला तर शरीरसंबंधातूनही संसर्ग पुढे जात नाही, हे आता जगभर मान्य झालेलं आहे. वैद्यक इतकं पुढं गेल्यावर उरतो तो सातत्याचा प्रश्न. हा माणूस दर महिन्याला, दर तीन महिन्यांनी, वीस वर्षं, तीस वर्षं येत राहील का? केंद्रात त्याच्या नावाचं पांढरं कार्ड असतं, त्याच्याजवळ हिरवी पुस्तिका. ठरल्या तारखेला आला नाही की नाव यादीत चढतं, फोन होतो, मग कोणीतरी घराकडे जातं. तरी सापडला नाही तर नोंदीपुढे तीन अक्षरं पडतात, एलएफयू. पाठपुराव्यातून निसटलेला.

त्या यादीतली नावं कमी करायची तर फोनचा उपयोग होतो का, यावर दोन अभ्यास फार बोलके आहेत.

पहिला केनियातला, 'लॅन्सेट'मध्ये 2010 साली छापून आला. तीन दवाखाने, 538 रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना दर आठवड्याला दवाखान्यातून एक एसएमएस जायचा. त्यात औषधाचा उल्लेख नाही, आजाराचा नाही. स्वाहिलीत एकच शब्द, "मांबो?" म्हणजे कसं काय? रुग्णानं दोन दिवसांत उत्तर द्यायचं: "सावा", बरं आहे, किंवा "शिदा", अडचण आहे. अडचण कळवली किंवा उत्तरच आलं नाही, तर परिचारिका स्वतः फोन करायची. वर्षभरानं पाहिलं तेव्हा एसएमएस मिळणाऱ्यांत नेमानं औषध घेणारे 62 टक्के होते, न मिळणाऱ्यांत 50. विषाणू आटोक्यात आलेले 57 टक्के, दुसरीकडे 48.

दुसरा अभ्यास आपल्याकडचा, दक्षिण भारतातल्या तीन केंद्रांवरचा. डॉ. अनिता शेट, डॉ. आयेशा डी कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला; 2014 मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झाला. रुग्ण 631, पाठपुरावा जवळजवळ दोन वर्षांचा. इथं दर आठवड्याला संगणकाकडून रुग्णाच्या भाषेत फोन जायचा, गोळी चुकली का हे रुग्णानं बटण दाबून सांगायचं. शिवाय आठवड्यातून एकदा आठवणीसाठी एक चित्र. चित्रात आजाराचं काही नाही, कोणी पाहिलं तरी शंका येऊ नये असं. मांडणी विचारपूर्वक केलेली. आणि निष्कर्ष असा की या फोनचा उपचाराच्या फळावर काहीही परिणाम झाला नाही.

दोन देश वेगळे, काळ वेगळा, रुग्ण वेगळे. एका अभ्यासावरून दुसऱ्याला खोटं पाडता येत नाही. दक्षिणेतल्या त्या केंद्रांत समुपदेशन आधीच चांगलं असल्यानं फोनने भर घालायला फारशी जागा राहिली नसेल, हेही शक्य आहे. पण मला त्यातला एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. केनियात "शिदा" असं कळवलं की परिचारिकेचा आवाज कानावर यायचा. इकडे बटण दाबलं की यंत्र आभार मानायचं. ज्या बाईचं धान्य संपलंय, नवरा दारू पिऊन गोळ्यांचा डबा फेकतोय, तिला आठवण करून देण्याची गरज नसते. तिला गोळीची वेळ पाठ असते. तिला कोणाशी तरी बोलायचं असतं.

*

महाराष्ट्रात एका वेगळ्या युक्तीचा प्रयोग झाला आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. एचआयव्हीबरोबर क्षयरोग झालेल्या रुग्णांसाठी '99 डॉट्स' नावाची पद्धत आली. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या बिल थीस, अँड्र्यू क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. आधी महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक एआरटी केंद्रांत, मग देशभरातल्या केंद्रांत.

क्षयाच्या गोळ्यांचं पाकीट जाड कागदाच्या लिफाफ्यात घातलेलं असतं. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्या मागचा कागद फाटतो आणि आत छापलेला फोन नंबर दिसतो. तो नंबर गोळी काढल्याशिवाय दिसत नाही आणि आज कुठला दिसेल हे आधी सांगता येत नाही. त्या नंबरला फोन लावायचा. पैसे पडत नाहीत. संगणकावर त्या रुग्णाच्या नावापुढे आजची नोंद होते. नोंद झाली नाही तर आरोग्य कर्मचाऱ्याला दिसतं की आज गोळी गेलेली नाही.

मिस्ड कॉल देऊन काम भागवणाऱ्या देशाला शोभणारी कल्पना. दवाखान्यात जाऊन कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळण्याचा जाच गेला. मला यात आणखी एक गोष्ट मोलाची वाटते: फोन रुग्ण करतो. त्याला सोयीची वेळ, त्याला सोयीची जागा. शेताच्या धुऱ्यावर जाऊन करील, न्हाणीघराच्या मागं जाऊन करील. घरात सगळे बसलेले असताना दवाखान्याचा फोन अचानक वाजण्याची धास्ती नाही.

पण प्रत्यक्षात काय झालं? चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या सुमारे 600 क्षयरुग्णांच्या घरी न सांगता जाऊन लघवीत औषधाचा अंश आहे का हे तपासलं गेलं आणि फोनच्या नोंदीशी ताडून पाहिलं. बी. ई. थॉमस आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. औषध पोटात असूनही ज्यांची नोंद नाही असे बरेच निघाले, आणि नोंद असून औषध न घेतलेलेही निघाले. गोळी घेतली पण फोनला रेंज नव्हती, चार्जिंग नव्हतं, फोन मुलगा घेऊन गेला होता, कंटाळा आला होता. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. शिवाय केंद्रातला माणूस गैरहजेरी दिसली की स्वतः विचारपूस करून हातानं नोंद भरू शकत होता. नोंदीचा खरा उपयोग तिथं होता. पडद्यावर सलग तीन दिवस कोरे दिसले की कोणी तरी उठून त्या घरी जायला हवं, आणि जायला माणूस हवा, त्याच्याकडे गाडीच्या पेट्रोलचे पैसे हवेत. शहरात जिथं हे झालं तिथं यंत्र उपयोगी पडलं. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावात, जिथं फोन लावायला टेकाडावर चढावं लागतं, तिथं रुग्णाच्या नावापुढचा कोरा रकाना काहीही सांगत नाही.

मिस्ड कॉलच्या फुकटपणालाही एक दिवस धक्का बसला. 2018 च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. तोवर एकदा सिम घेतलं की येणारे फोन आयुष्यभर फुकट, असा गरिबांच्या घरचा हिशेब होता. तो मोडला. रिचार्ज संपलं की फोन येणंही बंद. कापसाची वेचणी सुरू झाली की हातात पैसा येतो, नंबर सुरू होतो; उन्हाळ्यात काम नसलं की नंबर बंद. शिवाय बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. म्हणजे समुपदेशकानं रजिस्टरमधला नंबर फिरवला तर पलीकडे भलताच माणूस बोलू शकतो. त्याला रुग्णाचं नाव सांगून "गोळ्या संपल्या ना, आल्या नाहीत" म्हटलं की संपलं. एकाच रकान्यात तीन नंबर खोडून चौथा लिहिलेला आहे, असं दूरच्या रुग्णांच्या कार्डावर दिसतं ते यामुळे.

*

मोबाइल प्रत्येकाच्या हातात आला असं आपण सहज बोलून जातो. देवळी तालुक्यातल्या एखाद्या घरात जाऊन पाहा. स्मार्टफोन एक, तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. साधा फोन आणखी एक, तो ओट्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात. वाजला की जो जवळ असेल तो उचलतो. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावून बोलायची सवय. बोलणं बाहेर अंगणापर्यंत जातं. ज्या बाईला नवऱ्याकडून एचआयव्ही झाला, नवरा गेला, सासरी दोन मुलं घेऊन राहते, तिचा 'नंबर' म्हणून कार्डावर जो लिहिलेला असतो तो पुष्कळदा दिराचा असतो.

त्यात कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणारी अ‍ॅपं आली. दहा लोकांनी केंद्राचा नंबर आपल्या फोनमध्ये 'एआरटी कौन्सेलर' म्हणून साठवला, की अकराव्याच्या घरी फोन वाजताना पडद्यावर ती अक्षरं उमटतात. फोन उचलायचीही गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा गट केला तर गटातल्या सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, कोणाच्या फोटोवरून चेहराही दिसतो. संदेशाची पहिली ओळ कुलूप लावलेल्या पडद्यावरही वाचता येते. जिल्ह्यात आजाराची बातमी फुटते ती अशा बारीक फटींतून.

ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलंय ते समुपदेशक आपापल्या रीती बसवून घेतात. पहिल्याच भेटीत विचारायचं: फोन कोणाचा आहे, किती वाजता केला तर चालेल, दुसऱ्यानं उचलला तर मी कोण म्हणून सांगू? बचत गटातली ताई? शाळेतली बाई? विमावाली? रुग्णच नाव सुचवतो आणि तेच कार्डाच्या कोपऱ्यात लिहायचं. फोन लागला की आधी "बोलू शकता का?" एवढंच. पलीकडून "राँग नंबर" असं उत्तर आलं तर समजायचं की घरात कोणी तरी आहे, थोड्या वेळानं रुग्णच फोन करील. एसएमएस पाठवायचा तर त्यात दवाखाना, गोळी, तारीख काही नको. या रीती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये अजून नीट बसलेल्या नाहीत. रुग्णानं फोनसाठी दिलेली संमती म्हणजे एका चौकोनात बरोबरची खूण, असं जिथं झालंय तिथं धोका आहे. संमतीत वेळ हवी, नाव हवं आणि ती दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारायला हवी, कारण घरं बदलतात, फोन बदलतात, नवराबायकोचं नातंही बदलतं.

1097 ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन याच कारणासाठी मला फार महत्त्वाची वाटते. फोन फुकट, नाव सांगायची सक्ती नाही, आणि फोन कधी करायचा ते विचारणारा ठरवतो. सिंदी रेल्वेच्या फलाटावर उभा राहून एखादा मुलगा, ज्यानं अजून तपासणीही केलेली नाही, तिथं मनातलं विचारू शकतो. जाम चौरस्त्यावर रात्री थांबलेला ट्रकचालक विचारू शकतो. त्याच्या तालुक्यातलं कोणी त्या आवाजाला ओळखत नाही.

*

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्या देशात एचआयव्हीच्या उपचारांची कसोटी लागली. एसटी बंद, रेल्वे बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद. गोळ्या तर रोजच्या. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला सांगितलं, अडकलेल्या माणसाला असेल तिथल्या केंद्रातून औषध द्यायला परवानगी दिली आणि घरापर्यंत औषध नेण्याची मुभा दिली. रुग्णांच्या संघटना, एचआयव्ही रुग्णांना आधार देणाऱ्या विहान प्रकल्पाचे कार्यकर्ते, केंद्रातले समन्वयक यांनी फोनवर याद्या जुळवल्या. कोण कुठं आहे, कोणाकडे किती दिवसांच्या गोळ्या आहेत, त्या दिशेला कोणाची गाडी जाते आहे. पोलिसांच्या नाक्यावर पिशवीत काय आहे हे सांगायचं कसं, हाही प्रश्न होताच. फोन त्या दिवसांत खऱ्या अर्थानं कामाला आला, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला मोटारसायकल होती.

25 मार्च 2020 ला केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. डॉक्टरांनी फोनवर, व्हिडिओवर रुग्ण तपासून औषध लिहून देण्याला त्यामुळे नियमांचं अधिष्ठान मिळालं. पण गोळ्या आणायला गाडी लागतेच. त्यानंतरच्या वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीपासून, एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो 2022 च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. टाळेबंदीची जेवढी चर्चा झाली तेवढी या संपातल्या रुग्णांची झाली नाही. आष्टी-कारंजाच्या टोकाच्या गावांना एसटी हाच दवाखान्याचा रस्ता आहे. पुलगाव-आर्वीची जुनी छोटी रेल्वे तर केव्हाच बंद पडलेली. अशा वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम हातात असणं हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा मोठं साधन होतं. तब्येत स्थिर असलेल्या रुग्णाला महिन्यामहिन्याला बोलावणं सोडून एकदम जास्त औषध द्यायचं आणि मधल्या काळात एखाद्या फोननं खुशाली विचारायची, ही जोडी मला दूरच्या रुग्णासाठी सगळ्यात शहाणपणाची वाटते.

दळणवळणाच्या साधनांचा एक उपयोग रुग्णाच्या फोनपर्यंत येतच नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. तो डॉक्टरांमधल्या संवादाचा. पहिल्या फळीची औषधं लागू पडेनाशी झाली की दुसऱ्या फळीचा निर्णय तज्ज्ञांची समिती घेते. पूर्वी त्यासाठी रुग्णालाच आजारी अंगानं मोठ्या शहराच्या केंद्रात जावं लागायचं. आता त्याचे अहवाल, व्हायरल लोडचे आकडे, आधीच्या औषधांचा इतिहास हे सगळं संगणकावरून पुढे जातं आणि निर्णय परत येतो. मुलांसाठी तर याची गरज फार मोठी होती. एचआयव्ही असलेल्या लहान मुलाची मात्रा वजनाप्रमाणे बदलते, वाढ खुंटलेली असते, क्षय लपून बसलेला असतो. जिल्ह्याच्या केंद्रातल्या डॉक्टरला असे रुग्ण मोजकेच भेटतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. ममता मंगलानी यांच्या पुढाकारानं बालरुग्णांचं एआरटी केंद्र उभं राहिलं, आणि युनिसेफ व राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या साथीनं तिथून राज्यातल्या इतर केंद्रांतल्या डॉक्टरांना टेलिमेडिसिननं जोडलं गेलं. मूल आपल्या जिल्ह्यातच राहतं, आईची मजुरी बुडत नाही. तज्ज्ञाचं बोट धरून जिल्ह्याचा डॉक्टर शिकतो आणि पुढच्या मुलाला त्याचा फायदा होतो. गुप्ततेची फट इथं सगळ्यात लहान.

रुग्णांच्या नोंदी आता 'सोच' नावाच्या राष्ट्रीय संगणक प्रणालीत जात आहेत. तपासणीपासून औषधापर्यंत एकाच धाग्यानं. वर्ध्याचा मजूर पुण्याला गेला तर तिथल्या केंद्राला त्याचा इतिहास मिळावा, हा हेतू चांगला आहे आणि गरजेचाही. पण कपाटातलं पांढरं कार्ड एका वेळी एकच माणूस वाचू शकत होता. संगणकावरची नोंद किती जणांना दिसते, पासवर्ड किती जणांत फिरतो, हे प्रत्येक केंद्रानं स्वतःला विचारायला हवं. 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेला एचआयव्ही-एड्स कायदा या बाबतीत स्पष्ट आहे: संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायची नाही, आणि अशी माहिती जपणाऱ्या प्रत्येक संस्थेनं ती सुरक्षित ठेवण्याचे उपाय करायचे. तक्रारीसाठी राज्यानं लोकपाल नेमायचा. हा कायदा किती रुग्णांना ठाऊक आहे? केंद्राच्या भिंतीवर गोळ्यांची वेळ सांगणारं पोस्टर असतं. तुमचा नंबर आम्ही कोणाला देणार नाही आणि दिला तर तुम्ही इथं तक्रार करा, असं सांगणारंही एक तिथं लागायला हवं.

*

2004 च्या आसपास ज्या मुलांना आईकडून एचआयव्ही मिळाला, ती औषधांमुळे जगली आणि आता वीस-बावीस वर्षांची आहेत. पुष्कळांना आजीनं वाढवलं. कार्डावर नाव मुलाचं, अंगठा आजीचा, फोन मामाचा. ही मुलं आता बुटीबोरीच्या कारखान्यात आहेत, पुण्यात डिलिव्हरी करतात, नर्सिंग शिकतात. त्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे, त्याला कुलूप आहे, आणि त्यांचे प्रश्न आईवडिलांच्या पिढीपेक्षा निराळे आहेत. लग्न होईल का? समोरच्याला केव्हा सांगायचं? मूल होईल ना, आणि त्याला नसेल ना? परिवहन खात्यात नोकरी करणारे अनिल वळीव यांनी 2006 साली 'पॉझिटिव्ह साथी' हे एचआयव्ही असलेल्यांसाठीचं मोफत विवाहस्थळ इंटरनेटवर सुरू केलं, ते या मुलांपैकी अनेक जण शाळेतही गेलेले नसताना. ते स्थळ अशा प्रश्नांना खूप आधी सामोरं गेलं.

या मुलांना आठवणीचा एसएमएस नको आहे. औषधाची वेळ त्यांना लहानपणापासून माहीत आहे. काहींनी ती कंटाळून, रागावून सोडून दिलेली आहे. हॉस्टेलवर सहा जणांच्या खोलीत गोळीची बाटली कुठं ठेवायची, या अडचणीवर त्यांना फोनवर कोणाशी तरी मोकळं बोलता यायला हवं, आणि तो माणूस त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखाच गोळी घेणारा असला तर उत्तम. एआरटी केंद्रांत एचआयव्हीसह जगणारा समन्वयक नेमण्याची पद्धत आहे. तिथं तरुणांना घ्या, त्यांना केंद्राचा वेगळा फोन द्या, रिचार्जचे पैसे द्या, संध्याकाळी सातनंतर बोलण्याचे तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरा. कारखान्याची पाळी आणि कॉलेज सुटल्यावरच ही मुलं फोन करणार. आणि मूल अठरा वर्षांचं झालं की कार्डावरचा मामाचा नंबर खोडून त्यालाच विचारा: तुझा नंबर कोणता, कधी करायचा, आणि दुसऱ्यानं उचललाच तर आम्ही कोण म्हणून बोलायचं?